पिल्लाची रात्र आणि सोबतीची साद

मुंबई-पुण्यातील सदनिकेत कुत्र्याचे पिल्लू आणणाऱ्या कुटुंबाची पहिली परीक्षा रात्री अकरानंतर सुरू होते. दिवसभर सर्वांच्या मांडीवर खेळलेले पिल्लू दिवाणखान्यातील नव्याकोऱ्या क्रेटमध्ये ठेवले जाते, दार लावले जाते, दिवे मालवून घरातील माणसे आपापल्या खोल्यांत जातात आणि पाच-दहा मिनिटांत रडणे कानावर येऊ लागते. आधी बारीक कुंई कुंई, मग हेल काढून रडणे आणि त्यानंतर ठरावीक अंतराने येणारे, उंच पट्टीतील भुंकणे. हा प्रकार चार-पाच रात्री चालला की घरचे हैराण होतात, वरच्या-खालच्या मजल्यावरील झोपमोड झालेली मंडळी सोसायटीच्या सचिवांकडे तक्रार नेतात आणि ‘हे आपल्याला झेपणारे नाही’ असे घरात बोलले जाऊ लागते. हौसेने आणलेले पिल्लू महिन्याच्या आत दुसऱ्याला देऊन टाकण्यापर्यंत पाळी येते ती अनेकदा या रात्रींमुळेच.

अशा वेळी सल्ल्यांना तोटा नसतो. एक पक्ष सांगतो, ‘रडू द्या, दोन-तीन रात्रींत आपोआप गप्प बसेल; जवळ गेलात तर लाडावेल.’ दुसरा पक्ष सांगतो, ‘पिंजरा म्हणजे निव्वळ क्रौर्य, तो फेकून द्या आणि पिल्लाला कुशीत घेऊन झोपा.’ या दोन्ही पक्षांची नजर पिंजऱ्यावर खिळलेली असते. पिल्लाचे दुखणे मात्र बहुतेक वेळा पिंजरा हे नसतेच. आपण एकटे पडलो, हे ते ओरडून सांगत असते. ही गोष्ट एकदा ध्यानात आली की उपायाची दिशाही स्पष्ट होते. आधी सोबत द्यायची आणि मग ती पिल्लाला जाणवणार नाही इतक्या सावकाश कमी करत न्यायची.

क्रेट कशासाठी?

क्रेट म्हणजे तारेच्या जाळीची, प्लास्टिकची किंवा जाड कापडाची, दार असलेली पेटी. घरातल्या कुत्र्याला तिची सवय लावण्याची पद्धत प्रामुख्याने अमेरिकेत रूढ झाली आणि तेथील पुस्तके, दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम व इंटरनेट यांच्यामार्फत ती भारतातील शहरांत पोहोचली. तिच्यामागील तत्त्व साधे आहे. कुत्र्याची जात आपली झोपण्याची जागा शक्यतो घाण करत नाही. त्यामुळे अंगाबेताच्या जागेत ठेवलेले पिल्लू लघवी काही काळ रोखून धरते आणि बाहेर काढताच योग्य ठिकाणी करते. याखेरीज रात्री विजेच्या तारा, चपला आणि सोफ्याचे कोपरे वाचतात, ते निराळेच. पुढे कधी पशुवैद्यकीय रुग्णालयात राहण्याची किंवा रेल्वेच्या प्रवासाची वेळ आली तर पेटीची सवय असलेला कुत्रा तेथे कमी घाबरतो.

तथापि, क्रेटवाचून कुत्रा पाळताच येत नाही, हा समज चुकीचा आहे. स्वीडन आणि फिनलंड या देशांत घरी कुत्र्याला बंद पिंजऱ्यात ठेवण्यास मनाई आहे. प्रवासासारख्या मोजक्या कारणांसाठीच त्याला मुभा मिळते. स्वीडनच्या नियमांनुसार कुत्र्याला दिवसा किमान दर सहा तासांनी बाहेर न्यावे लागते आणि पिल्लांना त्याहून अधिक वेळा. तेथेही पिल्ले वाढतात, शिस्त शिकतात आणि रात्रभर झोपतात. क्रेट हे एक साधन आहे. ते नीट वापरले तर उपयोगी पडते आणि चुकीचे वापरले तर तुरुंग ठरते.

भारतात क्रेटवर बंदी नाही. परंतु प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याचे कलम ११ या बाबतीत बोलके आहे. प्राण्याला पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा उंची, लांबी आणि रुंदीच्या पिंजऱ्यात ठेवणे हा त्या कलमानुसार गुन्हा आहे. सतत साखळीला बांधलेल्या किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला त्याच्या मालकाने वाजवी व्यायाम न देणे, हाही गुन्हाच आहे. नोकरी करणाऱ्या जोडप्याने दिवसाचे नऊ तास आणि रात्रीचे आठ तास कुत्रा क्रेटमध्ये ठेवला तर चोवीसपैकी सतरा तास तो पेटीत काढतो. अशा घरात रात्रीचे भुंकणे हा प्रश्न नंतरचा; दिवसाची सोय हाच पहिला प्रश्न असतो.

एकटेपणाचे भय

साधारण आठ आठवड्यांचे पिल्लू नव्या घरी येते. भारतात २०१७ मध्ये लागू झालेल्या श्वान प्रजनन व विक्रीविषयक नियमांनुसार त्याहून लहान पिल्लाची विक्री करता येत नाही. म्हणजे या पिल्लाने जन्मापासूनची प्रत्येक रात्र आईच्या आणि भावंडांच्या अंगाला अंग लावून काढलेली असते. दुसऱ्या जिवाची ऊब, श्वासाचा आवाज आणि ओळखीचा वास म्हणजेच त्याच्या लेखी रात्र. एकाच दिवसात हे सारे नाहीसे होते आणि त्याच रात्री त्याला अनोळखी खोलीत एकट्याने झोपण्यास सांगितले जाते.

या रडण्याचा शास्त्रीय अभ्यास फार पूर्वी झाला आहे. अमेरिकेतील मेन राज्यात बार हार्बर येथे असलेल्या जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी पाच जातींच्या कुत्र्यांची वर्षानुवर्षे वाढ आणि निरीक्षणे केली. त्यांचा ग्रंथ १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंतच्या काळात पिल्लाचे सोबत्यांशी आणि माणसांशी नाते जुळते, हे त्यांनी दाखवून दिले. भावंडांपासून वेगळे केलेले पिल्लू ओळखीच्या जागेत रडते. परंतु अनोळखी जागेत एकटे ठेवले तर ते कितीतरी अधिक रडते, हेही तेथील प्रयोगांत दिसून आले. नव्या घरातील पहिल्या रात्री जागाही अनोळखी असते आणि सोबतही नसते. दोन्ही कारणे एकत्र येतात.

रडणाऱ्या पिल्लाला गप्प कशाने करता येते, याचीही तपासणी स्कॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात केली होती. एकटे पडलेल्या पिल्लांपुढे अन्न, खेळणी, आरसा अशा वस्तू ठेवून पाहिल्या गेल्या. अन्नाचा उपयोग फारसा झाला नाही. मऊ वस्तूंनी थोडा दिलासा मिळाला. सर्वाधिक परिणाम झाला तो माणसाच्या प्रत्यक्ष सहवासाचा. क्रेटमध्ये बिस्किटे टाकूनही पिल्लू रडत का राहते, याचे उत्तर यात आहे. भूक अन्नाची नसेल तर अन्नाने ती भागत नाही.

पुढील वर्षी, म्हणजे १९७८ मध्ये, जाक पँकसेप या मेंदूशास्त्रज्ञाने या विषयाला आणखी एक पैलू जोडला. अफूवर्गीय औषधाच्या अत्यल्प मात्रेने एकट्या पडलेल्या पिल्लांचे रडणे कमी होते, असे त्याला व त्याच्या सहकाऱ्यांना आढळले. शारीरिक वेदना शमविणारी मेंदूतील रसायनेच सोबतीच्या सुखाशी आणि विरहाच्या दुःखाशीही जोडलेली आहेत, अशी मांडणी त्याने त्यावरून केली. तेव्हा क्रेटमध्ये रडणाऱ्या पिल्लाला हट्टी किंवा नाटकी ठरविण्यापूर्वी थोडा विचार करायला हवा. जंगलात कळपापासून चुकलेल्या लांडग्याच्या बच्च्याने आवाज दिला तरच त्याला कोणी शोधत येण्याची शक्यता असते. पिल्लाचे रडणे त्या पुरातन सादेचाच वारसा आहे.

कुत्र्याच्या बाबतीत ही साद माणसाकडे वळलेली आहे. रशियात नोवोसिबिर्स्क येथे दिमित्री बेल्यायेव्ह यांनी १९५९ मध्ये कोल्ह्यांवर एक प्रयोग सुरू केला. माणसाला न घाबरणारे आणि अंगावर न येणारे कोल्हे तेवढे निवडून त्यांचीच पैदास करण्यात आली. काही पिढ्यांतच ते कोल्हे माणसाला पाहून शेपटी हलवू लागले आणि त्याचे लक्ष वेधण्यासाठी कुंई कुंई करू लागले. हजारो वर्षांच्या सहवासात कुत्र्याचे काय झाले असेल, याची त्यावरून कल्पना येते. बुडापेस्टच्या संशोधकांनी १९९८ मध्ये, लहान मुलांचा आईवरील विश्वास तपासण्याची कसोटी कुत्र्यांना लावून पाहिली. कुत्रे आपल्या माणसाकडे मुलासारखेच आधार म्हणून पाहतात, असे तिच्यातून दिसले. पिल्लू दाराकडे तोंड करून भुंकते तेव्हा ते त्या आधारालाच हाक मारत असते.

आवाजाची ओळख

रात्रीचे प्रत्येक भुंकणे मात्र एकटेपणाचे नसते. सोफिया यिन आणि ब्रेंडा मॅककोवन या अमेरिकी संशोधकांनी १० कुत्र्यांच्या भुंकण्याचे ४,६७२ नमुने तपासून २००४ मध्ये निष्कर्ष मांडले. दाराची घंटा वाजल्यावरचे भुंकणे खालच्या पट्टीतील आणि घोगरे असते, तर एकटे ठेवल्यावरचे भुंकणे उंच, स्वच्छ सुराचे आणि सुटे सुटे असते, असे त्यांना आढळले. हा फरक ओळखण्यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही. कुत्रा कधीच न पाळलेली माणसेही नुसत्या आवाजावरून प्रसंग बऱ्यापैकी ओळखतात, असे हंगेरीतील एका अभ्यासात २००५ मध्ये दिसून आले होते.

घरच्या घरी तीन गोष्टी पाहिल्या तरी पुष्कळ उलगडा होतो. दार लावताच किंवा माणूस खोलीबाहेर जाताच रडणे सुरू होत असेल आणि माणूस दिसताच ते थांबत असेल, तर ती सोबतीची साद. दोन-तीन तास शांत झोपलेले पिल्लू अचानक उठून अस्वस्थपणे फिरत कुंई कुंई करत असेल तर त्याला लघवीला जायचे आहे. माणूस जवळ असूनही रडणे थांबत नसेल, त्याबरोबर उलटी, जुलाब, पोट फुगणे किंवा खाण्याची अनिच्छा असेल, तर सकाळी पशुवैद्य गाठणे हाच मार्ग. लघवीच्या बाबतीत जाणकार एक ढोबळ आडाखा सांगतात. पिल्लाचे वय जितके महिने, त्यात एक मिळवावा. साधारण तितके तास ते लघवी रोखू शकते. दोन महिन्यांचे पिल्लू म्हणजे तीन तास. त्याने आठ तास गप्प पडून राहावे ही अपेक्षा त्याच्या शरीराच्या कुवतीबाहेरची आहे.

‘रडू द्या’ का फसते?

पिल्लाला रडत ठेवण्याच्या सल्ल्यामागे एक तर्क आहे. ज्या वागण्याला फळ मिळत नाही ते वागणे हळूहळू बंद पडते. तर्क म्हणून तो खोटा नाही. परंतु प्रत्यक्षात तो दोन ठिकाणी अडखळतो.

पहिली अडचण माणसांची. फळ मिळेनासे झाले की वागणे बंद पडण्यापूर्वी काही काळ उलट वाढते. लिफ्ट आली नाही की माणूस बटण पुन्हा पुन्हा दाबतो, तसे पिल्लू आधी अधिक जोराने भुंकते. नेमक्या याच वेळी, रात्री दोनच्या सुमारास, शेजारच्या सदनिकेतून भिंतीवर थाप पडते आणि घरातील कोणीतरी उठून दार उघडते. पहिल्या रात्री अर्ध्या तासाने, दुसऱ्या रात्री तासाभराने, तिसऱ्या रात्री दीड तासाने असे घडले तर पिल्लाला मिळालेला धडा स्पष्ट असतो : पुरेसे भुंकले की दार उघडते. अधूनमधून, अनियमितपणे मिळणारे फळ सवय सर्वांत चिवट करते, हे बी. एफ. स्किनर आणि चार्ल्स फर्स्टर यांनी १९५७ मधील ग्रंथात तपशिलाने दाखवून दिले आहे. सोसायटीच्या इमारतीत राहणाऱ्या कुटुंबाला हा प्रयोग शेवटास नेणे जवळजवळ अशक्य असते आणि अर्धवट सोडलेला प्रयोग हा न केलेल्या प्रयोगापेक्षा वाईट ठरतो.

दुसरी अडचण पिल्लाची. फळाचा नियम सवयीला लागू पडतो. भयाला तो तसाच्या तसा लागू पडत नाही. भेदरलेले पिल्लू थकून गप्प झाले म्हणजे त्याचे भय गेले असे होत नाही. पेटी आणि भय यांची त्याच्या मनात जोडी जुळते आणि दुसऱ्या दिवशी पेटी दिसताच ते मागे सरते, लाळ गाळते किंवा दाराची जाळी चावू लागते. एकदा ही जोडी पक्की झाली की ती सोडविण्यास कित्येक आठवडे लागतात.

पहिले पंधरा दिवस

क्रेटची ओळख दिवसाच्या उजेडात, दार उघडे ठेवून करून द्यावी. आत जुनी चादर अंथरावी आणि जमल्यास आई-भावंडांचा वास असलेले फडके मूळ घरातूनच मागून आणावे. दोन्ही वेळचे जेवण क्रेटमध्येच द्यावे. खेळून दमलेले पिल्लू आपणहून आत जाऊन लवंडले की दार क्षणभर ओढून घ्यावे व ते उठण्यापूर्वी उघडावे. शिक्षा म्हणून क्रेटमध्ये कधीही टाकू नये. त्या जागेशी केवळ खाणे, झोप आणि शांतता यांचेच नाते जुळावे.

रात्रीसाठी क्रेट दिवाणखान्यात न ठेवता माणसाच्या पलंगाशेजारी, हात पोहोचेल इतक्या अंतरावर ठेवावा. सगळ्या युक्तीचा गाभा हाच आहे. पिल्लाला माणसाचा श्वास ऐकू येतो, वास येतो आणि झोपमोड झालीच तर जाळीतून आत सरकलेली दोन बोटे चाटून ते पुन्हा झोपते. वन-रूम-किचनमध्ये सारे कुटुंब एकाच खोलीत झोपते, तेथे हा प्रश्न फारसा उद्भवतच नाही. प्रत्येकाला स्वतंत्र खोली आणि पिल्लाला दिवाणखाना, अशी विभागणी झाली की तो उभा राहतो.

रात्रीच्या पाण्याचे आणि जेवणाचे वेळापत्रक असावे. जेवण झोपेच्या तीन-चार तास आधी उरकावे आणि झोपण्यापूर्वी शेवटची लघवी आठवणीने करवून घ्यावी. मुंबई-कोकणच्या उकाड्यात मात्र पाणी तोडू नये. क्रेटला टांगता येणारे छोटे भांडे मिळते. लसीकरण पूर्ण होईपर्यंत पार्व्होसारख्या रोगांच्या भीतीने पिल्लाला रस्त्यावर नेता येत नाही, म्हणून बाल्कनीत किंवा न्हाणीघरात जुनी वर्तमानपत्रे अंथरून जागा ठरवून द्यावी.

रात्रीच्या लघवीसाठी पिल्लाच्या भुंकण्याची वाट पाहू नये. गजर लावून अडीच-तीन तासांनी, ते जागे होण्याच्या बेतात असतानाच त्याला उचलावे. दिवा मंद ठेवावा, बोलू नये, खेळू नये. काम झाले की हलकेच पाठ थोपटून पुन्हा आत ठेवावे. भुंकण्यापूर्वीच दार उघडल्यामुळे भुंकणे आणि दार उघडणे यांची सांगड पिल्लाच्या मनात बसत नाही. दर तीन-चार रात्रींनी गजर पंधरा-वीस मिनिटे पुढे न्यावा. वय वाढते तशी ही उठबस आपोआप कमी होते.

पलंगाशेजारी तीन-चार रात्री निर्वेध गेल्या की क्रेट दर रात्री वीतभर दूर सरकवावा. पलंगापासून खोलीच्या मध्यावर, तेथून दारापाशी, मग दाराबाहेर पॅसेजमध्ये आणि शेवटी त्याची कायमची जागा ठरवली असेल तेथे. मध्येच पिल्लू रडले तर त्याचा अर्थ एवढाच की अंतर फार वाढले. आदल्या रात्रीच्या जागेवर परत यावे, दोन रात्री थांबावे आणि मग पुढे सरकावे. हलकी कुरकुर असेल तर अर्धा-एक मिनिट थांबून, ती थांबल्याच्या क्षणी हळू आवाजात धीर द्यावा. आवाजात घबराट असेल, पिल्लू दारावर धडका देत असेल, तर मात्र ताबडतोब जवळ जावे. कुत्रा बेडरूममध्येच झोपला तरी ज्या घराची हरकत नाही, त्यांनी क्रेट सरकवण्याचा खटाटोपही करू नये.

रात्रीच्या या कामाला दिवसाच्या सरावाची जोड हवी. दिवसभर क्षणभरही एकटे न राहिलेले पिल्लू रात्री एकटे राहायला शिकत नाही. पिल्लू चघळण्याच्या खेळण्यात रमलेले असताना दहा सेकंद खोलीबाहेर जावे, परत यावे. मग अर्धा मिनिट, दोन मिनिटे, पुन्हा वीस सेकंद. माणूस जातो आणि परत येतो, हा विश्वास त्यातून तयार होतो. रात्रीची शांत झोप त्या विश्वासावर अवलंबून असते.

काय टाळावे?

क्रेटचा आकार कुत्र्याला उभे राहता येईल, पूर्ण वळता येईल आणि अंग सैल सोडून आडवे होता येईल एवढा हवा. क्रेटवर जाड चादर टाकून अंधार करण्याची युक्ती थंड प्रदेशात चालून जाते. एप्रिल-मे महिन्यांत ती धोकादायक ठरू शकते. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकूनच शरीर थंड ठेवतो. आखूड नाकाच्या पगसारख्या जातींना तर हेही नीट जमत नाही. २००३ मधील एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीमुळे पग घराघरांत पोहोचला. परंतु बंद, गरम जागा त्याला सोसत नाही, हे जाहिरातीत दिसले नव्हते. तेव्हा क्रेट पंख्याच्या वाऱ्याच्या झोतात नव्हे, पण वाऱ्याच्या वाटेवर असावा आणि गळ्यातील पट्टा रात्री काढून ठेवावा, म्हणजे तो जाळीत अडकत नाही.

भुंकताच विजेचा झटका देणारे पट्टे बाजारात मिळतात. वेल्सने २०१० मध्ये अशा पट्ट्यांच्या वापरावर बंदी घातली. एकटेपणाने घाबरलेल्या जिवाला वेदना दिली तर भयाला आणखी एक कारण मिळते, एवढेच. पेटीवर काठी आपटणे, अंगावर पाणी उडविणे आणि ओरडणे यांचा परिणामही तोच. माणसांची झोपेची औषधे तर पशुवैद्याच्या सल्ल्यावाचून कधीही देऊ नयेत.

मोठ्या कुत्र्याचे रात्रीचे भुंकणे अधिक गांभीर्याने पाहावे लागते. एकटे पडताच दात तुटेपर्यंत जाळी चावणे, पंजे रक्ताळणे, लाळेने छाती भिजणे ही विरहभयाच्या विकाराची लक्षणे आहेत आणि अशा कुत्र्याला क्रेटमध्ये कोंडणे घातक असते. या विकारावर औषधेही आहेत. अमेरिकेत क्लोमिप्रामाइनला १९९८ मध्ये आणि फ्लुऑक्सेटिनला २००७ मध्ये त्यासाठी मान्यता मिळाली. दोन्ही औषधे वर्तनाच्या प्रशिक्षणासह, पशुवैद्याच्या देखरेखीखालीच द्यायची असतात. वर्षानुवर्षे शांत झोपणारा म्हातारा कुत्रा अचानक रात्री उठून भुंकू लागला तर सांधेदुखी, मंदावलेली दृष्टी-श्रवणशक्ती किंवा वार्धक्यातील मेंदूचा ऱ्हास यांची तपासणी करून घ्यावी. म्हातारपणीही त्या भुंकण्यात सोबतीची मागणी असू शकते.

शेजारधर्म

इमारतीत भुंकण्याचा त्रास केवळ घरापुरता राहत नाही. ध्वनिप्रदूषणविषयक २००० च्या नियमांनी निवासी भागासाठी रात्री १० ते सकाळी ६ या काळात ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे आणि जवळून ऐकलेले भुंकणे त्याच्या कितीतरी पुढे जाते. भारतीय पशुकल्याण मंडळाने २०१५ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार गृहनिर्माण संस्थांना कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही. भुंकणे ही कुत्र्याची नैसर्गिक अभिव्यक्ती आहे, हेही त्या सूचनांनी मान्य केले. मात्र विशेषतः रात्रीच्या वेळी आपला कुत्रा शांत राहील यासाठी पालकांनी सर्वतोपरी प्रयत्न करावा, असेही त्यांत म्हटले आहे. म्हणजे एका बाजूला हक्क आहे आणि दुसऱ्या बाजूला कर्तव्य.

पिल्लू येण्याच्या आदल्या दिवशी शेजाऱ्यांच्या दारावर जाऊन ‘आठ-पंधरा दिवस थोडा त्रास होईल, आमचे प्रयत्न चालू आहेत’ एवढे सांगितले तर पुढची निम्मी कटुता टळते. परीक्षेचे दिवस, शेजारी आजारी माणूस किंवा तान्हे बाळ असेल तर ते आधीच कळते आणि क्रेट त्या भिंतीपासून दूर ठेवता येतो. आपल्याकडे रात्री कुत्रे रडणे अशुभ मानणारी माणसे अजूनही आहेत. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा, हे पिल्लू आईपासून नुकतेच तुटले आहे, हे सांगितलेले अधिक उपयोगी पडते. त्याचे रडणे कोणालाही समजते.

पिल्लू आणण्याची तारीख ठरविताना या सर्वांचा विचार आधीच व्हावा. घरातील एखादी व्यक्ती निदान पहिले दहा-बारा दिवस रजा घेऊ शकेल का, रात्री गजर लावून कोण उठेल, दिवसा पिल्लाजवळ कोण असेल, या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावरच आगाऊ रक्कम द्यावी किंवा दत्तक घेण्याचा अर्ज भरावा. उत्तरे मिळत नसतील तर दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुटीपर्यंत थांबण्यात कमीपणा नाही. ज्या घरात पहिल्या रात्रींची साद ऐकली गेली, तेथे चार-सहा महिन्यांनी क्रेटचे दार बहुधा रात्रभर उघडेच असते आणि कुत्रा आपल्या पायांनी आत जाऊन झोपतो.